सासूबाईंची पिओनी

झाडं परदेशात न्यायची तर त्यांची मुळं धुवावी लागतात. झटकून भागत नाही. मातीचा एक कण राहता कामा नये. हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. तसं सांगणारा चार पानी सरकारी कागद मी स्वयंपाकघरात क्लिफला मोठ्याने वाचून दाखवला, आशा ही की ऐकून तरी नवऱ्याचं डोकं ठिकाणावर येईल आणि झाडं इंग्लंडातच राहतील. क्लिफने टोस्टला कडेपर्यंत लोणी लावलं आणि विचारलं, बाथटब कोणत्या दिवशी रिकामा असतो.

झाडं माझ्या सासूबाईंची. एनिड प्रॉसर, इंग्लंडातल्या लडलोजवळच्या एका दगडी घराच्या मालकीणबाई. लग्न होऊन मी तिथे गेले तेव्हा आपलं घर मिळेपर्यंत काही महिने राहायचं असं ठरलं होतं. त्या काही महिन्यांची एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षांत मला तिथे साखरेचा डबा हलवता आला नाही. एकदा मी तो शेगडीच्या डावीकडे ठेवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्या कधीच काही बोलत नसत. संध्याकाळी मी दुकानातून परत आले तेव्हा डबा पुन्हा उजवीकडे होता आणि त्याच्याखालचा ओटा ओल्या फडक्याने पुसलेला होता. पुढची तीन दशकं आमची भांडणं याच पद्धतीने चालली आणि त्यातलं एकही मी जिंकले नाही.

दुकान चष्म्याचं होतं. मी लोकांचे डोळे तपासायचे, फ्रेम बसवून द्यायचे. सगळं आयुष्य मिलिमीटरमध्ये गेलं. त्यामुळे पुढे जे सांगतेय ते अंदाजपंचे नाही. जिथे मोजता आलं तिथे मी मोजलंय, आणि माझी स्वतःची नजर दरवर्षी तपासून घेतलेली आहे.

सासूबाई नव्वदाव्या वर्षी गेल्या. झोपेतच, अंगावरची चादर नीट सारखी करून. त्यानंतर चार वर्षांनी मी माझ्या पेन्शनीच्या पैशांतून ब्रिटनीत घर घेतलं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, रोस्कॉफ बंदरापासून तासाभरावर, चाळीस उंबऱ्यांचं गाव. कागदावर एकट्या माझं नाव. खोटं कशाला बोलू, नोटरीसमोर सही केल्यावर मी ते नाव तीनदा वाचून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी म्हणेन तिथे वस्तू राहणार होत्या. क्लिफची अट एकच होती, आईची झाडं बरोबर आली पाहिजेत.

आमच्या भागात बागवाल्यांची एक रीत आहे. चांगलं झाड कोणी विकत घेत नाही, ते कुंपणावरून मिळतं, आणि ज्याच्याकडून मिळालं त्याच्या नावाने ते ओळखलं जातं. त्यामुळे आमच्या घरात 'आज मिसेस टिपिंगना पाणी घातलं का', 'रेज काकांना बुरशी लागलीय', 'पाद्रीबाबांना यंदा छाटायला हवं' असली वाक्यं नाश्त्याला ऐकू येत. नावांची माणसं बहुतेक सगळी गेलेली होती, झाडं जोमात होती. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीखालची पिओनी, मोठ्या फुलांची, दरवर्षी गड्ड्यातून नव्याने फुटणारी, कोणी दिलेली नव्हती. सासूबाईंनी ती नवी नवरी असताना माहेरहून आणली होती आणि तिला सगळे एनिडच म्हणत. सासूबाईसुद्धा. 'एनिडला यंदा चौदा फुलं आली', असं त्या जेवताना सहज सांगत.

तर ऑक्टोबरात एकोणीस झाडं उपटून आम्ही बाथटबमध्ये धुतली. अठरा एका दिवसात झाली. पिओनीला तीन दिवस लागले. तिचा गड्डा म्हणजे रताळ्यांचा मोठा घोसच, मी गुडघ्यांवर बसून जुन्या टूथब्रशने एकेक सांध घासत होते, आणि पाणी बदललं की पुन्हा तपकिरी. नवरा मागे उभा राहून हळू घास, हळू घास म्हणत होता. न्हाणीघरात कापराच्या गोळ्यांचा वास भरला होता, सासूबाईंच्या कपड्यांना यायचा तो. तो कपाटातून येत असणार, असं मी स्वतःला सांगितलं, आणि कपाटात गोळ्या होत्याही.

तपासणीला सरकारी निरीक्षक आला, मिस्टर बिडल नावाचा किडकिडीत माणूस, खिशात भिंग. फॉर्म क्लिफने भरला होता. मिस्टर बिडलने तो वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. रोपाच्या नावाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: टिपिंग, मिसेस. रेज, काका. पाद्रीबाबा, आधीचे. असे अठरा, आणि शेवटी एनिड.

"माणसांसाठी वेगळा फॉर्म असतो," मिस्टर बिडल म्हणाला. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

मग मी पुस्तक घेऊन बसले आणि एकोणीस शास्त्रीय नावं लिहून काढली. तोवर तो एकेक मूळ भिंगाखाली धरत होता. पिओनीपाशी आल्यावर तो थांबला. त्याने गड्डा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, मग खाली ठेवला आणि हात पँटला पुसले. त्याने विचारलं, गरम पाण्याने धुता का. मी सांगितलं, बॉयलर तीन दिवस बंद आहे. तो म्हणाला बरं, आणि सही केली. तो गेल्यावर मी हात लावून पाहिला. गड्डा कोमट होता, माणसाचा हात असतो तेवढा. खाली टबाच्या कडेने पाइप जातो, त्यात काहीतरी राहिलं असेल, असा मी अर्थ लावला.

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाडं गाडीच्या डिकीत गेली. पिओनी क्लिफने मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. प्लिमथहून बोट, सकाळी रोस्कॉफ. बंदरावरच्या फ्रेंच अधिकाऱ्याने खिडकीतून डोकावून पासपोर्ट मागितले. मी दोन दिले. तो तिसऱ्यासाठी हात पुढे करून उभा राहिला. मग त्याने मागच्या सीटकडे पुन्हा एकदा पाहिलं, खांदे उडवले आणि जा म्हणाला.

नव्या घरी बागेचा आराखडा मी काढला. सुतळी ताणून, खुंट्या मारून, माप घेऊन. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली काहीही लावायचं नाही, हे पहिलं कलम. तिथे खडी, एक टेबल, दोन खुर्च्या. कोणाचंही फूल आत न डोकावता मला तिथे कॉफी प्यायची होती. पिओनी घरामागे, तेलाच्या टाकीशेजारी. सूड म्हणा हवं तर. क्लिफ बघत राहिला, काही बोलला नाही. त्यांच्या घराण्यात ती पद्धतच नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी मी भांडी घासताना वर पाहिलं तर खिडकीखालच्या खडीतून लाल कोंब वर आले होते. पिओनीचे कोंब मी ओळखते, एकतीस वर्षं तेच बघत भांडी घासलीत. मी टाकीपाशी गेले. तिथला खड्डा बुजवून माती पायाने दाबून सपाट केलेली होती.

मी क्लिफला फैलावर घ्यायला आत वळले, तर तो आधीच बाहेर आला होता. खिडकीखाली बघून त्याचे डोळे भरून आले. त्याने माझ्या कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाला, आईला पुढे आणलंस ते फार बरं केलंस. आता बोला. शिवाय त्याची पाठ धरलेली, फावडं उचलणं सोडा, त्याला स्वतःचे मोजे चढवता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पिओनी परत टाकीपाशी लावली. जेवण झाल्यावर बघते तर खिडकीखाली. पुन्हा हलवली, पुन्हा खिडकीखाली. चार वेळा. मग मिसेस टिपिंग, म्हणजे उंच वाढणारं फ्लॉक्स, विहिरीकडून दाराशी आलं. रेज काका कुंपणाला गेले. मी दुकानातली पट्टी काढली, प्रत्येक झाडाचं भिंतीपासूनचं अंतर वहीत लिहिलं. महिन्याभराने मला वही उघडायची गरज राहिली नाही, कारण दारात उभं राहिलं की लडलोची बाग दिसायची. तीच ओळ, तेच वळण, मधोमध तीच मोकळी जागा जिथे कपडे वाळत घालायची दोरी असायची.

हलायचं ते फक्त दुपारी, बारा ते दोन. त्या वेळात आमच्या गावात सगळं बंद असतं. बेकरी, पोस्ट, दवाखाना, सगळे आपापल्या टेबलाशी. रस्त्यावर उन्हाशिवाय कोणी नसतं. म्हणून एका मंगळवारी मी टेबल खिडकीला लावलं, क्लिफला समोर बसवलं आणि बजावलं की दोन वाजेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, कारण काही असो. आम्ही शिंपले खाल्ले, भरपूर लसूण घालून. सासूबाईंना लसणाचा वास चालत नसे. पाऊण तास काही झालं नाही. पाद्रीबाबांवर एक भुंगा बसला होता, तो उठला. मग बटाट्यांचं पाणी उतू जायला लागलं म्हणून मी शेगडीकडे वळले, पाणी ओतून टाकलं आणि परत फिरले. घड्याळात पाहिलं, चाळीस सेकंद. क्लिफ तेवढ्यात मान खाली घालून शिंपला उघडत होता. पाद्रीबाबा तीन फूट डावीकडे गेले होते. भोवतीची माती ओली होती, आणि पानांवरून पाण्याचे थेंब अजून ठिबकत होते.

"आई नेहमी म्हणायची, त्याला ऊन हवं," क्लिफ म्हणाला आणि पुढचा शिंपला घेतला.

त्याच आठवड्यात शेजारच्या मादाम केरब्रांनी मला भिंतीवरून हाक मारली. पंच्याहत्तरीची विधवा, तुरतुरीत, गावातल्या सगळ्या बातम्या आधी तिच्या अंगणात उतरतात. त्या दिवशी मात्र तिने आधी दोनदा रस्त्याकडे पाहिलं.

"मादाम प्रॉसर, रागावणार नसाल तर एक विचारते. तुमच्याकडच्या त्या आजींना तुम्ही जेवणाच्या वेळी कामाला का लावता?"

"कोणत्या आजी?"

"बारा वाजले की त्या बिचाऱ्या खणायला लागतात. पाठमोऱ्या दिसतात, तपकिरी स्वेटर. लोक बोलायला लागलेत हो. त्यांना जेवायला तरी घालता ना?"

माझी फ्रेंच कामापुरती आहे, पण एवढं मला नीट कळलं, तो स्वेटर कोणाचा तेही. मी सांगितलं, आमच्याकडे कोणी आजी नाहीत. मादाम केरब्रांनी माझा हात थोपटला. घराघरात काहीतरी असतंच, असं म्हणून ती आत गेली.

दोन दिवसांनी गावचा मेयर आला, दोनला पाच मिनिटं असताना येऊन दाराबाहेर थांबला आणि दोनच्या ठोक्याला त्याने घंटी वाजवली. मस्यू गिलू, गोल चेहऱ्याचा, अतिशय सभ्य माणूस. आमच्या घरात कोण राहतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. जिवंत की मेलेलं, हाही खाजगी प्रश्न. त्याचं म्हणणं एवढंच की या गावात जेवणाच्या वेळी फावड्याचा आवाज आजवर झालेला नाही, युद्धातसुद्धा झाला नव्हता. त्या बाईंनी दोननंतर सुरू करावं. मी म्हटलं, सांगून बघते. खरं तर मी एकतीस वर्षं सांगूनच बघत होते.

तो गेल्यावर मी पायरीवर बसून रडले. मला भुताची भीती वाटली नाही. भीती ही वाटली की हेही घर त्यांचं होणार. मी समुद्र ओलांडून आले, स्वतःच्या पैशांनी चार भिंती घेतल्या, आणि त्यात माझी जागा पुन्हा पाहुण्याचीच. सासूबाईंना मी स्वतः धुऊन, पुसून, कागदपत्रं करून इथे आणलं होतं, याचा संताप सगळ्यात जास्त.

पिओनी जाळून टाकायची, असं कोणीही शहाण्या माणसाने ठरवलं असतं. पण जिवंत झाड फेकणं आमच्या हातून होत नाही, हा आमच्या लोकांचा दोषच आहे. नकोसं झालेलं झाड आम्ही कापून वाटतो. कुंपणावरून देतो, वर हसून सांगतो की घ्या, सहज आपलं.

ऑक्टोबरात क्लिफ दाताच्या डॉक्टरकडे गेला त्या सकाळी मी पिओनी खणून काढली. गवतावर दव पांढरं पडलं होतं, माझी बोटं बधिर झाली होती. गड्डा हातात घेतला आणि बोटं उबदार झाली. पिओनीच्या गड्ड्यावर बटाट्यासारखे डोळे असतात, पुढच्या वर्षीचे कोंब तिथून फुटतात, आणि कापताना प्रत्येक तुकड्याला तीन तरी डोळे ठेवावे लागतात. एकवीस डोळे होते. मी पाव कापायची सुरी घेतली आणि सात तुकडे केले. नियमाने, समान. आत पांढरंशुभ्र निघालं, कापराचा वास आला.

दोन वाजून गेल्यावर मी पिशव्या घेऊन निघाले. मादाम केरब्रा, मेयरची बायको, बेकरीवाल्याची सव्वीस वर्षांची बायको सोलेन, पोस्टवाली, आणि आणखी तिघी. सगळ्यांनी आभार मानले. सोलेनने तर मला अंड्याचा केक दिला.

चहाच्या वेळी मी क्लिफला सगळं सांगून टाकलं. त्याने कप बशीत ठेवला.

"सगळी वाटलीस?"

"सात घरांत."

"सात," तो म्हणाला. मग त्याने केकचा मोठा तुकडा कापून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर मला राग शोधूनही सापडला नाही, आणि तेव्हा मला त्याचं बरंच वाटलं.

त्यानंतरचे सहा महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. झाडं मी लावली तिथे राहिली. दुपारी गाव गप्प असायचं. मी खिडकीखालच्या टेबलाशी बसून कॉफी प्यायचे आणि मध्येच उठून उगाच एखादी कुंडी इकडची तिकडे करायचे. ती तिकडेच राहायची. एवढ्याशा गोष्टीने माणूस किती सुखी होतो हे सांगून पटणार नाही.

एप्रिलमध्ये मादाम केरब्रांनी मला चहाला बोलावलं. चहाला, कॉफीला नाही. तिने आधी कपात दूध ओतलं आणि मग वरून चहा. ब्रिटनीत असं कोणी करत नाही, लडलोच्या स्वयंपाकघरात मात्र रोज असंच व्हायचं. मी विचारलं, हे कुठे शिकलात, तर ती म्हणाली, यात शिकायचं काय.

मग पोस्टवाली आमच्या दारातलं पायपुसणं सरळ करून जाऊ लागली. सोलेनने मला पाव देताना सांगितलं की कापलेली बाजू खाली करून ठेवावा, आणि सांगितल्यावर माझ्याकडे एक क्षण जास्त पाहिलं. मे महिन्यात, भट्टीच्या उकाड्यात, तिच्या अंगात तपकिरी स्वेटर होता. क्लिफसाठी घराघरांतून भाताची खीर यायला लागली, सायीसकट भाजलेली, वर जायफळ. तो सातही वाट्या संपवायचा. त्याचे शर्ट कोण इस्त्री करत होतं, मला माहीत नाही.

आणि बारा वाजले की गावात सात ठिकाणी फावडी चालू व्हायची.

मस्यू गिलू पुन्हा आला, पण आता दुपारी साडेबाराला. दाढी वाढलेली.

"माझ्या बायकोला तुम्ही काय दिलंत?" त्याने विचारलं. "तिने माझे सगळे खण लावून ठेवलेत. मला घरात काही सापडत नाही. लसूण बंद झाला. आणि ती काहीच बोलत नाही हो."

मला त्याची दया आली. त्याला आत बसवून मी भरपूर लसणाचं ऑम्लेट करून घातलं. तो खाताना रडत होता. मी त्याला शब्द दिला की तुकडा परत काढून नेते, आणि गेलेही फावडं घेऊन. मेयरची बायको आतल्या खिडकीत उभी होती. तिने काचेवरचा एक डाग पुसला, सावकाश, माझ्याकडे बघत. मी फावडं न टेकवता परत आले.

मग सप्टेंबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी त्या आल्या.

भर बारा वाजता. मी दोघांपुरतं टेबल मांडलं होतं. दार न वाजवता उघडलं. सातजणी एकामागून एक आत आल्या, प्रत्येकीने पायपुसण्यावर पाय पुसले, आधी उजवा, मग डावा. क्लिफने कोठीतून पाच खुर्च्या आणल्या. पुसलेल्या होत्या. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

सातजणी बसल्या. मी उभी राहिले, कारण आठवी खुर्ची नव्हती.

बोलणं फ्रेंचमध्ये चाललं होतं आणि मला त्यातला शब्द न् शब्द समजत होता. क्लिफला फ्रेंच अजिबात येत नाही. तो मान डोलावत होता.

"इथे तिचा जीव रमलेला नाही," मेयरची बायको म्हणाली.

"पहिल्यापासून चुकीच्या जागी लावलीय," सोलेन म्हणाली. "फार वारा लागतो तिला."

मला वाटलं, मी नर्सरीतून आणलेल्या गुलाबाबद्दल बोलताहेत. मी विचारलं, कोणाबद्दल चाललंय. कोणी उत्तर दिलं नाही, पण सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. डोक्यापासून पायांपर्यंत, मग पायांशी जरा जास्त वेळ.

"खड्डा रुंद घ्यावा लागेल," पोस्टवाली म्हणाली.

मी टेबलाची कड धरली. "हे घर माझं आहे," मी म्हटलं. "कागदावर माझं एकटीचं नाव आहे."

मादाम केरब्रा उठली. गेली दोन वर्षं ती मला मादाम म्हणत आली होती, तुम्ही म्हणत आली होती. तिने माझ्या कॉलरवरचं काहीतरी झटकलं.

"घर तुझंच आहे की, ग्लेनिस," ती म्हणाली. "दिसेल अशाच जागी लावू तुला."

बाकीच्या सहाजणींनी समजुतीने माना हलवल्या. क्लिफने सगळ्यांना खीर वाढली.

"आत्ता नको पण," तो म्हणाला. "पानं गळली की हलवलेलं सोसतं."

त्या खीर संपवून दोन वाजता गेल्या. जाताना वाट्या धुऊन पालथ्या घातल्या.

त्याला आता आठवडा झाला. गाडी अंगणात आहे, किल्ली खुंटीला आहे, मला कोणी अडवलेलं नाही. रोज सकाळी मी ठरवते की आज निघायचं, आणि मग दाराशी ऊन येतं तिथे उभी राहते, आणि दुपार होते. पाय जरा जड वाटतात. वयाने होतं तसं.

आज सकाळी केस विंचरले तर कंगव्यात नेहमीपेक्षा बरेच आले. क्लिफने तो माझ्या हातातून घेतला, खिडकीशी उजेडात धरून नीट पाहिला, आणि केस काढून कंगवा स्वच्छ करून परत दिला.

"अजून आठेक दिवस," तो म्हणाला.